पाठीकडून

दौलतगंजात माझं दुकान, फ्रेमांचं.
चित्र आमच्याकडे पालथं येतं,
तोंड गोधडीत, पाठ वर,
कंपाउंडरपुढे इंजेक्शनला पडलेल्या माणसासारखं.
दिघावकरांच्या तीन पिढ्या मी अशाच पाहिल्या.

त्र्यंबकराव थोरले. सरदारांचे चेहरे काढायचे.
मी तेव्हा वडिलांना खिळे मोजून द्यायचो.
सागवानी पट्टी, चार बोटं रुंद, कोपऱ्यात सोनेरी वेल.
सरदार बसायचे आठ दिवस,
पैसे यायचे आठ महिन्यांनी,
आणि मिशी वाढवून मागायचे ती फुकट.

मग यशवंतराव. संस्थान गेलं होतं,
सरदारांचे नातू पेट्रोल पंपावर बसत.
यांनी बँकांना चेअरमन पुरवले, शाळांना थोर पुरुष,
मुरारच्या घरांना मेलेले आजोबा,
शिधापत्रिकेच्या फोटोवरून,
सांगाल तो कोट अंगात घालून.

शालूंची जर मात्र सगळी कुमुदआत्याची.
भाजी टाकून यायची, पदराला हात पुसत,
दोन केसांच्या ब्रशानं
काठ विणून परत चुलीपाशी.
सही यशवंतरावांची.
तिनं कधी मागितली नाही, मी तरी ऐकलं नाही.
एका कॅनव्हासच्या पाठीवर हळदीचं बोट उमटलं होतं.
मी त्यावर पुठ्ठा ठोकला.
ठोकायला नको होता.

अच्युत डावखुरा.
शाळेत त्यापायी छड्या, घरी त्यापायी अबोला.
चोविसाव्या वर्षी बडोद्याला निघाला शिकायला,
होल्डॉल बांधलेला, तिकीट खिशात,
आणि त्याच थंडीत वडिलांचा हात कापू लागला.
आधी चहाची बशी, मग ब्रश.

ऑर्डरी थांबल्या नाहीत.
तोच तपकिरी अंधार कोपऱ्यात,
तेच गालावरचं तेलकट ऊन,
तीच सही, य ची शेपूट तळाशी वळलेली.
लोक म्हणत, म्हातारा काय टिकलाय!
फक्त कॅनव्हासमागचे खिळे
आता दुसऱ्या अंगाला कललेले.
मी पक्कड घ्यायचो आणि एकेक सरळ करायचो.
एकवीस वर्षं. बायकोलासुद्धा बोललो नाही.

यशवंतरावांच्या तेराव्यानंतरही त्यांची दोन चित्रं आली.
आगाऊ घेतलेली होती, काय करणार.

मग नऊ वर्षं काही नाही.
अच्युत कंपूतल्या मुलींच्या शाळेत
फुलदाणी आणि वांगी शिकवायचा.
रस्त्यात भेटला तर हवापाण्याचं बोलायचा,
हात खिशात. दोन्ही.

चैत्रात एका दुपारी स्कूटरवरून आला,
पुढे पायांत धरलेलं, चादरीत गुंडाळलेलं.
मी सवयीनं पालथं घालायला गेलो तर म्हणाला,
"काका, आज उताणं राहू द्या."

खुर्ची होती. त्यांच्या बैठकीतली.
सरदार, चेअरमन, आजोबा, सगळे हिच्यावर बसलेले,
आणि चित्रात प्रत्येकाला तिचे सिंहाचे पंजे मिळालेले.
ही खरी. वेताची, मध्ये झोळ पडलेली,
मागच्या पायाखाली विटेचा तुकडा.
हातावर एक जरीचा पदर,
बसलेली बाई दूध उतू गेलं म्हणून उठून गेल्यासारखा.
जर थोडी जाड झाली होती.
आत्या असती तर हसली असती.

खाली उजवीकडे पाहिलं. डावीकडेही.
म्हटलं, सही राहिली?
"राहिली नाही, काका. सुचेना,
कुठली करायची ते."

पट्टी साधी घेतली, बिनरंगाची.
मागचे खिळे तसेच ठेवले, कललेले.
तीनशे चाळीस झाले. बिलावर सही लागते,
आमचा नियम आहे, वडिलांपासूनचा.
त्यानं खिशातून हात काढला. डावा.
लिहिता लिहिता शाई तळव्याला फासत गेली,
अच्युत वाचता येतं,
पुढचं निळं ढगासारखं.

गल्ल्यातच आहे ते बिल.
कधी आलात तर दाखवीन.
दोन ते चार दुकान बंद असतं.